नव्यासारखें करून मिळेल

मोडलेल्या, तडकलेल्या, टवके उडालेल्या चिनी मातीच्या वस्तू नव्यासारख्या करून मिळतील, अशा अर्थाची एक पाटी मीं दोन वर्षांपूर्वीं एका मोठ्या शहरांतील दुकानावर वाचली, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याचा अविचार माझ्या हातून घडला. प्रस्तुत लेख त्या अविचाराचें प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहें. दुकानदारावर माझा राग नाहीं. तो कसबी होता, प्रामाणिक होता, आणि पाटीवर जें लिहिलें होतें तेंच त्यानें केलें. माझें भांडण आहे तें त्या पाटीशीं, आणि त्यांतल्या त्यांत तिच्यावरील एका शब्दाशीं. 'नव्यासारखें' हा तो शब्द.

आमच्या जतच्या घरीं एक बरणी आहे. खालून दुधी पांढरी आणि खांद्यापासून वर तपकिरी, अशी जी बरणी दोन पिढ्यांपूर्वीं महाराष्ट्रांतील बहुतेक सुखवस्तु घरांच्या कोठीच्या खोलींत हटकून आढळे, तीच ही. आजीनें ती यल्लम्माच्या यात्रेंत घेतली असें आई सांगते. आमच्या गांवीं मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदतात; शेजारच्या कानडी बाई तिला 'जाडी' म्हणत आणि तिच्यांतल्या ऐवजाला 'उप्पिनकायी', म्हणजे मिठांतलें फळ. (या मिठाची गोष्ट पुढें येणारच आहे.) बरणीच्या बुडाजवळ तीन बोटांचे बोडके ठसे होते. झिलईच्या घोळांत बुडवितांना कोणा कारागिरानें तिला जेथें धरलें असेल तेथें झिलई बसली नव्हती, आणि तेवढी उघडी माती हाताला खरखरीत लागे. खांद्यावर आजोबांनीं काळ्या तेलरंगानें आडनांवाचें पहिलें अक्षर काढलें होतें. लग्नकार्यांत शेजारीं गेलेली वस्तु आपल्याच घरीं परत यावी, एवढाच त्यांत हेतु. तीन वर्षांपूर्वीं घराला रंग देतांना गड्याच्या हातून ती कोनाड्याच्या कडेवर आदळली. कांठाचा बोटभर टवका उडून कोठें गेला तो गेला, आणि गळ्यापासून कमरेपर्यंत एक तडा गेला.

बरणी दुरुस्त होऊन हातीं आली ती पाहून मीं प्रथम कारागिराची पाठ थोपटली. तडा दिसत नव्हता. टवका कोठें होता हें बोट फिरवूनहि कळेना. अंग आरशासारखें चकचकीत. "प्रोफेसरसाहेब, आतां तुम्हांलासुद्धां ओळखूं यायची नाहीं," असें तो अभिमानानें म्हणाला, आणि तें अक्षरशः खरें ठरलें. घरीं आणून ती आईपुढें ठेवली. आईचें वय ऐंशीच्या पुढें. दृष्टि अधू झाल्यामुळें ती वस्तु हातांनीं पाहते. तिनें बरणीच्या खांद्यावरून हात फिरविला, बुडाशीं बोटें नेलीं, पुन्हां खांद्यावर आणलीं, आणि विचारलें, "ही कुणाची आणलीस रे? आपली कुठं आहे?"

अक्षर गेलें होतें. तीन बोटांचे ठसे कसल्याशा लुगदीनें भरून, घांसून, वर रंग दिला होता. तडा होता दीड वितीचा. रंग चढला होता साऱ्या बरणीवर.

हा प्रसंग मीं आमच्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांना सांगितला, तेव्हां त्यांनीं माझी कींव केली. त्यांचें म्हणणें येथें प्रामाणिकपणें मांडतों. कारण तें त्यांचें एकट्याचें नाहीं, बहुतेक सुशिक्षित कुटुंबांचें तेंच आहे. ते म्हणतात, भांडें हें वापरासाठीं असतें, उसासे टाकण्यासाठीं नव्हे. व्यंग झांकणें हेंच दुरुस्तीचें काम; ठिगळ दिसूं नये म्हणूनच रफूची कला जन्माला आली. आणि तिसरा मुद्दा, जो मला निरुत्तर करील अशी त्यांची खात्री होती: तांब्यापितळेच्या भांड्यांना आपल्या आयांनीं वर्षानुवर्षें कल्हई लावून घेतली, तेव्हां जुना पृष्ठभाग गेला म्हणून कोणी गळा काढला काय? मग चिनी मातीनेंच असें कोणतें पुण्य केलें आहे?

मुद्दे चांगले आहेत. तिसरा तर इतका चांगला आहे, कीं त्याचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे उरलेल्या दोहोंचींहि उत्तरें वाटेंतच सांपडतात.

कल्हई म्हणजे काय? तांब्यापितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो, म्हणून भांडें तापवून, नवसागर टाकून, कथलाचा पातळ मुलामा आंतून फिरवितात. हा मुलामा झिजावा यासाठींच असतो. भांडें जन्माला येतांना त्याला घेऊन येत नाहीं. तो संपला म्हणजे भांड्याचें कांहीं संपत नाहीं. आणि नवी कल्हई ही जुन्या कल्हईइतकीच खरी असते, कारण तेंच कथील, तोच विस्तव, तीच क्रिया. कल्हईवाला भांडें नवें असल्याचा आव आणीत नाहीं. त्याच्या हातून निघालेल्या पातेल्याचे पोचे जसेच्या तसे असतात, आणि कांठावर घातलेलें आजीचें नांवहि.

झिलईची गोष्ट निराळी. चिनी मातीच्या भांड्यावरील झिलई ही शुद्ध काच आहे. गारेची पूड, फेल्स्पार, चुना, थोडी माती यांचा पाण्यांतला घोळ भांड्यावर चढवितात आणि भट्टींत घालतात. बरणीच्या जातीच्या भांड्यांना १२०० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनहि कांहीं अधिक उष्णता लागते. त्या उष्णतेंत घोळाची काच होते, वितळते, आणि खालच्या मातीच्या अंगांत थोडी मुरून तिच्याशीं एकजीव होते. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीस ज्या काचेचे प्रभाकर कंदील होत, तिचीच ही सख्खी बहीण. मात्र ही स्वतःच्या पायावर उभी न राहतां मातीच्या अंगावर बसलेली. म्हणजे झिलई हा भांड्याचा अंगरखा नव्हे, कातडी आहे. ती एकदां, एकाच विस्तवांत, भांड्याबरोबरच तयार होते.

मग तडकलेल्या जागीं नवी झिलई लावून पुन्हां भट्टींत कां घालूं नये, असें कोणी विचारील. विचारणें रास्त आहे, आणि कांहीं धाडसी लोक तसें करून पाहतातहि. परंतु पन्नास वर्षें वापरलेल्या भांड्यांत ओल, तेल आणि मीठ शिरलेलें असतें. तापतांना त्यांची वाफ व वायू होऊन जुनी झिलई फोड येऊन फुगते, रंग पालटतात, आणि जो तडा दीड वितीचा होता तो दोन वितींचा होतो. म्हणून 'नव्यासारखें' करणारे भट्टीच्या वाटेस जात नाहींत. ते थंड काम करतात. तुकडे एपॉक्सीनें चिकटवायचे. उणीव पुटीनें भरायची. कानसून, घांसून गुळगुळीत करायची. आणि मग हवेच्या पिचकारीनें रंग मारून वर वार्निश द्यायचें. ती झिलई नव्हे. तो झिलईचा मुखवटा आहे.

आणि मुखवटा तोंडाएवढाच राहत नाहीं, हें या धंद्यांतलें मर्म आहे. भरलेल्या जागेच्या रंगाचा मूळ झिलईच्या रंगाशीं मेळ घालणें अतिशय कठीण. काचेच्या आंत प्रकाश शिरतो, खोलवर जाऊन परततो. रंग मात्र वरच्यावरच त्याला अडवितो. हा भेद लपवायचा तर रंगाची कड विरळ करीत करीत चांगल्या भागावर न्यावी लागते. दोन बोटें नेली तरी कड दिसते. म्हणून चार बोटें. म्हणून अर्धा भाग. शेवटीं सगळ्यावरच एक हात मारलेला सोपा. जखम झांकण्यासाठीं धडधाकट अंग झांकायचें! माझ्या सहकाऱ्यांनीं रफूचा दाखला दिला, तो त्यांच्यावरच उलटतो. चांगला रफूगार शालीच्या भोकापुरतेच धागे विणतो. भोंक कळूं नये म्हणून सबंध शालीला तो नवा रंग देत नाहीं. त्यानें तसें केलें तर त्याला आपण रंगारी म्हणूं, रफूगार नव्हे.

वापराचा मुद्दा याहूनहि पांगळा आहे. अशा दुरुस्त भांड्याचा वापर होतो तरी कोणता? त्या एपॉक्सीवर नि रंगावर लोणच्याचा खार दोन महिने बसवून तो पोटांत घेण्यास माझे रसायनशास्त्रज्ञ मित्रहि तयार नाहींत. त्यांना मीं मुद्दाम विचारलें. उकळतें पाणी त्या भांड्यांत ओततां येत नाहीं, घांसणीनें तें घांसतां येत नाहीं. कालांतरानें हे लेप पिंवळे पडतात, म्हणजे आज न दिसणारा तडा दहा वर्षांनीं पिंवळ्या पट्ट्याच्या रूपानें उठून दिसणार. भांडें वापरासाठीं असतें म्हणणाऱ्यांनीं दुरुस्तीच्या नांवाखालीं त्याला वापरांतूनच उठविलें, आणि हातीं राहिली ती शोभा, तीहि मुदतीची.

आतां मिठाविषयीं. जुन्या, हलक्या भाजणीच्या बरण्यांच्या झिलईवर केसासारख्या बारीक चिरांचें जाळें पुष्कळांनीं पाहिलें असेल. भट्टींतून निघून थंड होतांना काच आणि माती यांचें आकुंचन सारखें न झालें म्हणजे तें पडतें. त्या चिरांतून, आणि तडा गेला असेल तर त्यांतून अधिकच, खाराचें पाणी मातीच्या अंगांत शिरतें. पाणी वाळतें, मीठ तेथेंच राहून त्याचे स्फटिक होतात; पावसाळ्यांत ते दमटतात, उन्हाळ्यांत पुन्हां जमतात; आणि प्रत्येक वेळीं आंतून झिलईला रेटा देतात. शेवटीं काचेचे पापुद्रे सुटूं लागतात. समंजस संवर्धक अशा वेळीं प्रथम भांडें शुद्ध पाण्यांत ठेवून, तें पाणी पुनःपुन्हां बदलून, मीठ काढून टाकतो; आठवडेच्या आठवडे त्यांत जातात. मुखवटा चढविणाऱ्याला इतका वेळ नसतो. तो मीठ आंत कोंडून वरून चकाकी देतो. कांहीं वर्षांनीं त्या चकाकीसकट खालची अस्सल झिलई सोलून निघते, तेव्हां तें खापर फोडायचें कोणाच्या डोक्यावर?

एथवर मीं दुरुस्त करणाऱ्यांस बोल लाविला. पण त्याची पाटी रंगविणारा हात आपलाच आहे. फुटकें भांडें घरांत असूं नये, तें अवलक्षण, अशी एक समजूत आपल्यांत आहे. शास्त्री लोकांची असेल तर असो. पदवीधरांच्या घरांतून तिनें नुसता वेष पालटला आहे. ते अवलक्षण म्हणत नाहींत, 'बरें दिसत नाहीं' म्हणतात. कानतुटका कप पाहुण्यापुढें ठेवणें हा अपमान, टवका उडालेली बशी ही दारिद्र्याची खूण. म्हणून एक तर वस्तु उकिरड्यावर, नाहीं तर ती ओळखूं येणार नाहीं इतकी नवी. फेंकून देणारा आणि रंगवून घेणारा हे दोघे परस्परविरोधी पक्ष आहेत असें आपण समजतों. मला ते एकाच घरचे दिसतात. दोघांनाहि त्या वस्तूवर काळ उमटलेला सहन होत नाहीं.

आमच्या दुष्काळी तालुक्यांतल्या बायकांना हें सोंग परवडत नव्हतें. जेथें पाण्याची घागर दोन मैलांवरून आणायची, तेथें फुटलेल्या रांजणाचें काय करायचें हें ठाऊक असावेंच लागे. वरचा भाग गेलेल्या मडक्याचें बूड दाणे भाजायला खापर म्हणून चुलीवर चढे. झिरपूं लागलेल्या माठांत धान्य जाई. तडा गेलेल्या बरणीला गळ्याशीं दोरी आंवळून तिच्यांत सुकें मीठ किंवा चिंच भरीत. त्यांत कोणाला लाज वाटत नसे, आणि कोणी त्याला कलाहि म्हणत नसे. हें दुसरें मी मुद्दाम म्हणतों, कारण हल्लीं जपानांतील किन्त्सुगीचें आपल्याकडे भारी कौतुक चाललें आहे. फुटलेल्या वाडग्याचे सांधे लाखेसारख्या एका वृक्षरसानें जोडून त्यांवर सोन्याची पूड लावायची, ही ती कला. कला थोर आहे यांत शंका नाहीं. पण तो रस दमट उबेंत सावकाश घट्ट होतो, एका वाडग्यास कित्येक आठवडे लागतात, आणि हात बसायला वर्षें. आपल्याकडे घरपोंच येतो तो पेटींत एपॉक्सी आणि पितळी रंगाचा भुगा. सोबत जीवनाविषयीं एक उपदेशपत्रिका. ज्यांनीं आईची तडकलेली बरणी भंगारांत दिली, तेच आतां बाजारांतून नवा वाडगा आणून, तो हातोडीनें फोडून, सोनेरी रेघांनीं सांधीत बसतात! असो.

जपानांतलीच एक जुनी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. पंधराव्या शतकांतील अशिकागा योशिमासा या सत्ताधीशापाशीं चीनहून आलेला हिरवट झिलईचा एक सुंदर वाडगा होता. त्याला तडे गेले, तेव्हां त्यानें तो चीनला पाठवून तसाच दुसरा मागविला. तसा वाडगा आतां येथें कोणाला करतां येत नाहीं, असें उत्तर आलें; आणि जुनाच वाडगा लोखंडी टांचे मारून परत आला. ते टांचे टोळांसारखे दिसतात म्हणून वाडग्यास तसेंच नांव पडलें, आणि आज तो तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे तो त्या टांच्यांसकट. टांचे काढून त्याला 'नव्यासारखें' करण्याची सूचना अद्याप कोणी केल्याचें ऐकिवांत नाहीं.

युरोपांतला एक दाखला देतों. फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्वसंग्रहालयांत इसवी सनापूर्वीं सहाव्या शतकांतला एक प्रचंड ग्रीक कुंभ आहे. १९०० सालीं तेथल्याच एका संतापलेल्या पहारेकऱ्यानें त्यावर लांकडी स्टूल फेंकलें, आणि कुंभाचे ६३८ तुकडे झाले. पिएत्रो झेइ नांवाच्या कारागिरानें दोन वर्षांत ते जोडले. पुढें १९७३ सालीं त्या कुंभाचे सांधे पुन्हां सोडवून तो नव्यानें जोडण्यांत आला. पहिल्या माणसाचें काम दुसऱ्याला सोडवितां आलें, म्हणून दुसऱ्याला तें सुधारतां आलें, ही यांतली ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट. आपण केलेली दुरुस्ती हा शेवटचा शब्द नव्हे, पुढें आपल्याहून शहाणा कोणी येईल, एवढी नम्रता संवर्धकाच्या अंगीं असावी लागते. एपॉक्सीच्या पुटांत ती नसते. तीं सोडवायचीं म्हणजे भांड्याशीं कुस्ती.

रस्किननें १८४९ सालींच जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं होणाऱ्या नाशाविरुद्ध तोफ डागली होती, आणि १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेंत, इमारतींपुरतें कां होईना, असें ठरलें कीं तर्क सुरू झाला कीं जीर्णोद्धार थांबवावा, आणि नवा भाग जुन्याशीं सुसंगत असला तरी तो नवा आहे हें ओळखूं यावें. भांड्यांच्या बाबतींतहि संग्रहालयांतून हाच दंडक चालतो: रंग भरायचा तो उणिवेपुरता, मूळ झिलईवर त्याचा थेंबहि जाऊं द्यायचा नाहीं; खोलीच्या दुसऱ्या टोंकावरून डोळ्यास खटकूं नये, पण हातीं घेतल्यावर कळावें. मात्र पाश्चात्त्यांचें तत्त्व घेतलें म्हणून त्यांची बाटलीहि डोळे मिटून घ्यावी असें नाहीं. पॅरालॉइड बी-७२ नांवाचा एक डिंक तिकडच्या संवर्धकांचा मोठा लाडका. तो अॅसिटोननें केव्हांहि सोडवितां येतो. पण चाळीस अंशांच्या आसपास तो नरमूं लागतो, आणि आमच्या जतचा वैशाख त्या आंकड्याशीं दरसाल खेळत असतो! जड बरणीचा सांधा अशा उन्हाळ्यांत हळूच घसरायचा. म्हणून उष्ण प्रदेशांत याच कुळींतला अधिक उष्णता सोसणारा डिंक घ्यावा लागतो. तत्त्व परकें चालेल, हवा आपलीच आहे.

या वादांत माझी बाजू फार सोपी आहे असा वाचकांचा समज होऊं नये, म्हणून दोन इमारतींची नांवें घेतों. आमच्याकडून विजापूर, गुलबर्गा ओलांडून बीदरास गेलें, म्हणजे महमूद गवानानें १४७२ सालीं बांधलेला मदरसा दिसतो. त्याच्या दर्शनी भिंतीवर एके काळीं निळ्या, पांढऱ्या, पिंवळ्या झिलईच्या फरशांचें नक्षीकाम होतें. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या अमदानींत, झालेल्या स्फोटानें निम्मी दर्शनी बाजू कोसळली. उरलेल्या भागावर आज झिलईचे तुकडे कोठें कोठें टिकून आहेत. त्या अर्ध्या भिंतीपुढें उभें राहिलें कीं उरलेली अर्धी मन स्वतः रंगवितें. उलट दिल्लीस हुमायूनच्या कबरीवरील छत्र्यांच्या फरशा आगाखान न्यासानें २००७ ते २०१३ या काळांत नव्यानें करून बसविल्या. त्यासाठीं उझबेकिस्तानांतून कारागीर आणून निजामुद्दीन वस्तींतील तरुणांना ती गेलेली विद्या शिकविली. पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. प्रथम मींहि मुरडलें. पण तेथें झिलई उडालेली एकहि जुनी फरशी काढून फेंकली नाहीं, जेथें फरशी मुळींच नव्हती तेथेंच नवी बसविली, आणि नवी फरशी ही रंग मारलेली नसून खऱ्या भट्टींतून निघालेली आहे, हें समजल्यावर मीं नाक सरळ केलें. नवें करण्यास माझा विरोध नाहीं. नवें जुन्याच्या अंगावर बसून त्याचें तोंड दाबतें, त्यास विरोध आहे.

(आपल्या गांवोगांवच्या देवळांच्या गाभाऱ्यांतून दगडी भिंतींवर न्हाणीघरांतल्या चकचकीत फरशा बसविण्याची जी साथ आली आहे, तिच्याविषयीं येथें लिहूं लागलों तर मासिकाचे संपादक मला आवरूं शकणार नाहींत.)

न्हाणीघराचें नांव निघालेंच आहे तर एक कबुली देऊन टाकतों. हात धुण्याचें भांडें, न्हाणीची फरशी, संडासाचें पात्र यांचे टवके कोणीं खुशाल भरावेत आणि वर हवा तो लेप चढवावा. तेथें स्वच्छता हाच धर्म, आणि त्या भांड्यांना कोणी पूर्वेतिहास विचारीत नाहीं. 'नव्यासारखें' या शब्दाची खरी जागा तीच. दुकानदारानें पाटीवर तेवढें लिहिलें असतें तर हा लेख जन्मलाच नसता.

जुन्या वस्तूंच्या बाजारांत मात्र हा शब्द निरुपद्रवी राहत नाहीं. मुंबईच्या कलाशाळेंत १८७० नंतरच्या काळांत जॉर्ज टेरीच्या देखरेखीखालीं सिंधी धर्तीच्या झिलईचीं आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेल्या नक्षीचीं जीं भांडीं झालीं, त्यांना आज जगभर गिऱ्हाईक आहे. अशा भांड्याचा फुटका कांठ झांकून, वर रंग चढवून, तें धडधाकट म्हणून विकलें तर त्याला दुरुस्ती म्हणायचें कीं लबाडी? कारागीर म्हणेल, मीं फक्त सांधलें. विकणारा म्हणेल, मला तसेंच मिळालें. दोघांच्या मध्यें खरी वस्तु हरवते. १९४५-४६ सालीं कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचें उत्खनन करणारे डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांच्या परंपरेंतले संशोधक खापरांचे तुकडे जुळवितात, तेव्हां न सांपडलेला भाग साध्या गिलाव्यानें भरून तसाच कोरा ठेवतात. जेथपर्यंत माहिती आहे तेथपर्यंत मडकें, पुढें गिलावा. ज्याच्यापुढें विकण्याचा प्रश्न नाहीं त्याला प्रामाणिक राहणें सोपें जातें, हें मान्य. पण घरांतल्या वस्तूच्या बाबतींत आपणांपुढें तरी विकण्याचा प्रश्न कोठें असतो?

लखनौस १९७६ पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचें स्वतःचें संवर्धन-केंद्र आहे. तेथें हें शास्त्र उत्तम जाणणारी माणसें आहेत. परंतु तें शास्त्र संग्रहालयाच्या दाराबाहेर येत नाहीं, आणि बाहेर आमच्यासारख्यांच्या वाट्याला पाटीच येते. बेळगांव जिल्ह्यांतील खानापूरसारख्या ठिकाणीं, जेथें मातीकामाची विद्या आणि ती शिकविणारी संस्था दोन्ही आहेत, तेथें भांडीं घडविण्याबरोबर भांडीं सांधण्याचाहि एक वर्ग कां असूं नये? कुंभाराच्या मुलाइतकी मातीची नाडी दुसऱ्या कोणाला कळणार? तोंवर गृहस्थांनीं दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं कारागिराला इतकें तरी विचारावें, कीं बाबा, तूं कशानें चिकटविणार, तें पुढें सोडवितां येईल काय, आणि तुझा रंग माझ्या चांगल्या भागावर किती येणार? हे प्रश्न मीं विचारले नाहींत. मीं फक्त किती पैसे, हें विचारलें होतें.

बरणीचें पुढें काय झालें तें सांगून रजा घेतों. ज्या सहकाऱ्यांनीं माझी कींव केली, त्यांनींच गेल्या दिवाळीच्या सुट्टींत एका रविवारीं आपली प्रयोगशाळा उघडली, आणि कापसाचे बोळे नि अॅसिटोन घेऊन आम्ही दोघे प्रौढ गृहस्थ दिवसभर त्या बरणीशीं झटलों. रंग आणि वार्निश सुटलें. खालून ती जुनी दुधी काच हळूहळू वर आली, तेव्हां माझे मित्र वाद विसरून "अहो, इकडे पाहा!" म्हणून ओरडले. बुडाजवळची लुगदी लांकडी काडीनें टोंकरून काढली. तीन बोटांचे ठसे परत मिळाले. तड्यांतली एपॉक्सी मात्र हलली नाहीं. ती तशीच ठेवली आहे. आजोबांचें अक्षर मिळालें नाहीं. रंग धरावा म्हणून कारागिरानें तो खांदा आधींच कागदानें घांसून घेतला होता.

बरणी आतां कोनाड्यांत आहे. आईनें ती बुडाशीं चांचपून ओळखली, आणि खांद्यावर हात नेऊन म्हणाली, "अक्षर तेवढं पुन्हा काढून टाक रे." काळ्या तेलरंगाची डबी मीं आणून ठेवली आहे. आजोबांच्या वळणाचें तें अक्षर काढावें कीं माझ्या वळणाचें, याचा निर्णय अजून होत नाहीं, आणि आई रोज विचारते.